सोंग चालू ठेवण्याची सोय

इल्गवार्स लिफ्ट दुरुस्त करायचा,
फेब्रुवारीपर्यंत.
सोमवारचं विमान होतं, रीगाहून कॉर्कला,
तिथे मासे कापायचे, बारा तासांची पाळी.
म्हणून शनिवारी तो माझ्या स्वयंपाकघरात बसला,
बुटांचा बर्फ फरशीवर वितळत,
आणि एका मेलेल्या खेळाचा कारभार
माझ्या नावावर करू लागला.

खेळवाली कंपनी कधीच बुडाली.
बंदरं, मिठागरं, दीपस्तंभ, सगळं एका रात्रीत विझलं;
निरोपाचं पत्र दोन ओळींचं.
मग कुणी कुणी मिळून
त्या सर्व्हरचं सोंग लिहिलं.
खेळ विचारतो, आहेस का?
सोंग म्हणतं, आहे.
खेळ विचारतो, किती वाजले?
सोंग खरी वेळ सांगतं.
एवढ्यावर विश्वास बसतो त्याचा.
सगळी सोंगं आणता येतात म्हणे,
पैशाचं येत नाही.
म्हणून तर कॉर्क.

आजवर हे काळ्या खिडकीत चालायचं,
एक अक्षर चुकलं की अख्खं बंदर थंड.
मला नाही जमणार, मी आधीच सांगितलं.
मी दाउगाव्पिल्सच्या ट्राम डेपोतली नियंत्रक,
मला दिवा लागतो, आणि दिव्याखाली बटण.
"मग बटणं देतो," तो म्हणाला.

पन्नास मिनिटं नुसतं पांढरं पान.
डेटाबेसचा पासवर्ड बरोबर, फाइल जागच्या जागी,
आणि पान कोरंच.
मी राईचा पाव कापला, तो खाल्ला गेला.
शेवटी सापडलं: एक अवतरणचिन्ह
उघडलेलं, मिटलेलं नाही.

मग पान आलं, पण त्याच्याच लॅपटॉपवर.
"आत्ता हा फक्त स्वतःशी बोलतो,
बाहेरच्या कुणाचं ऐकत नाही."
माझा नवरा असाच होता, मी म्हणाले.
इल्गवार्स हसला नाही, त्याने एक ओळ बदलली
आणि दार सगळ्या जगाला उघडलं.
चार मिनिटं.
पाटीही लावली नव्हती अजून,
तर कुठकुठले लोक किल्ल्यांचा जुडगा घेऊन दारात:
अ‍ॅडमिन, रूट, टेस्ट, अ‍ॅडमिन एक दोन तीन.
घाईघाईने त्याने दार ओढून घेतलं.
आता दोनच पत्ते चालतील:
माझं घर, माझा डेपो.

बटणं त्याने लाटवियनमध्ये लिहिली,
खाली बारीक रशियन, पलीकडच्या काठावरच्यांसाठी.
सूचना द्या. हाकला. पुन्हा सुरू करा.
शेवटचं दोनदा विचारतं: नक्की? खरंच नक्की?
खातं पुसण्याचं बटण शोधलं, नव्हतं.
"कुणाला पुसणार आहेस?" तो म्हणाला.
तीन हजार एकशे चौदा नावं होती,
'शेवटचं येणं' या रकान्यात
बहुतेकांची वर्षं शिळी झालेली.

आत्ता हजर: नऊ.
त्यातला एक तीन दिवस दीपस्तंभाखाली
जागचा हललेला नाही.
हा अडकलाय, मी म्हणाले, हाकलू?
माझं बोट बटणावरच होतं.
"नको, तो अफानासी. रुग्णालयात रात्रीचा पहारेकरी.
तो खेळत नाही. तिथे लाटांचा आवाज येतो,
तो चालू ठेवून बसतो."

सोमवार गेला. मंगळवारी पहाटे
पाच दहाची पहिली ट्राम सोडली
आणि पान उघडलं. हजर: अकरा.
अफानासी तिथेच.
खाली नोंदवहीत लाल अक्षरं,
आयर्लंडचा कुठलासा पत्ता:
इल्गवार्स, नाकारलं.
इल्गवार्स, नाकारलं.
इल्गवार्स, नाकारलं, चार वाजून बावन्न मिनिटं.

दोनच पत्ते. त्यानेच लिहिलेले.
स्वतःचा लिहायला विसरला,
किंवा तिथे पोचेपर्यंत
आपला पत्ता काय असेल, हे त्यालाच माहीत नव्हतं.

मी तो आकडा आकडा करून भरला.
पानाने विचारलं, नक्की?
केटली अजून उकळायची होती.
तेवढा वेळ मी त्याला दारात उभा ठेवला,
बूट न काढणाऱ्याला.